बूस्टर आणि बंद खिडक्या

महोदय,

कोरोना थंडीतच वाढतो, हा समज 2025च्या मे-जूनने खोटा ठरवला. सोलापुरात पारा 42च्या वर गेला की दारे-खिडक्या गच्च लावून एसी चालतो आणि तीच हवा, तिच्यातल्या विषाणूसह, खोलीत फिरत राहते. कूलर बरा, पण तो खिडकीत बसवून समोरची खिडकी चार बोटे उघडी ठेवली तरच.

लसीमुळे शरीरात तयार झालेली, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) काही महिन्यांत ओसरतात. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेहींनी डॉक्टरांना विचारून बूस्टर घ्यावाच; तोही लग्नसराईच्या दोन आठवडे आधी, कारण प्रतिकारशक्ती वाढायला तेवढे दिवस लागतात. कुपी 2 ते 8 अंशांत राहायला हवी. उन्हाने तापली तरी लस बिघडते, बर्फाला टेकून गोठली तरी! टोचण्याआधी हे जरूर विचारा.

– एक वाचक, सोलापूर