खडी टाकण्याआधी

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या मॉडेल रेल्वेचे फोटो आणि वहीच्या पानावरचा आराखडा मिळाला. लाकडी सांगाडा उत्तम झाला आहे, रुळाखालचं कॉर्कही सरळ बसलं आहे. आता खडी टाकून डोंगराला हात घालू का, असं तू विचारलंस. अजून नको. खडी गोंदात एकदा आवळली की खालचा रूळ दोन मिलिमीटर सरकवायलासुद्धा तेवढा भाग भिजवून खरवडावा लागतो. आणि तुझ्या फोटोंत मला तीन जागा अशा दिसतात, जिथे रूळ सरकवावाच लागेल.

इथे क्लबात दर बैठकीला प्रत्येक जण आपल्या चालू कामाचा तुकडा टेबलावर मांडतो. डोंगर, झाडं, स्टेशन यांचं कौतुक होतंच, पण पहिले प्रश्न ठरलेले असतात: वळणाची त्रिज्या किती, चढ किती, डबे उलटे ढकलून पाहिलेत का? ही उत्तरं आकड्यांत मिळाली की दूर बसलेल्या माणसालाही दोष सापडतो. म्हणून मीही तुझ्या आराखड्यावर पट्टी ठेवूनच लिहितो आहे.

पहिली जागा म्हणजे टोकाचं मोठं वळण. तू तिथे ४५७ मिमी त्रिज्येचे तयार तुकडे लावलेस. मालगाडीचे छोटे डबे त्यावर चालतील. पण तुझे प्रवासी डबे खऱ्या ८५ फुटांच्या डब्यांचे आहेत, म्हणजे १:८७ प्रमाणात जवळजवळ ३० सेंमी. त्रिज्या डब्याच्या लांबीच्या तिप्पट असली तर गाडी निर्धास्त चालते, अडीचपट असली तर बहुतेक वेळा. दुपटीला कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा, डब्याच्या अंगावर न बसवता बोगीवर, म्हणजे चाकांच्या चौकटीवर, बसवलेला हवा. ४५७ म्हणजे दीडपट. तुझी फळी त्या टोकाला दीड मीटर रुंद आहे, तेव्हा ६१० सहज बसेल आणि दोन्ही कडांना १२-१३ सेंमी उरतील. ६५० केलीस तर आणखी चांगलं. रूळ मात्र कडेपासून ५ सेंमीच्या आत आणू नकोस. तिथे घसरलेलं इंजिन थेट जमिनीवर जातं.

वळण सरळ रुळाला एकदम चिकटवायचं नाही, मध्ये हळूहळू वाढणारा बाक हवा. ६१० त्रिज्येसाठी वर्तुळ सरळ रेषेला टेकवू नकोस, ११ मिमी आत सरकव. जिथे ते टेकलं असतं त्या बिंदूच्या अलीकडे २० सेंमी आणि पलीकडे २० सेंमी अशी खूण कर. दोन खुणांमध्ये पातळ, एकसारखी लवणारी लाकडी पट्टी खिळ्यांवर वाकव आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरव. ही पट्टी जो बाक घेते, तोच हवा असतो. एवढ्या कामाने डब्यांचा झटका जातो आणि गाडी वळणात शिरताना फार देखणी दिसते.

स्टेशनच्या तोंडाशी डावं वळण संपताच उजवं सुरू होतं, तेही याच कामात सुधारून घे. अशा उलटसुलट वळणात एका डब्याचं टोक डावीकडे झुकतं तेव्हा पुढच्याचं उजवीकडे असतं, आणि दोघांमधला कपलर चाकाला रुळावरून बाजूला ओढतो. गाडी ओढताना हे एखादे वेळी निभावतं, ढकलताना नाही. मध्ये सर्वात लांब डब्याएवढा सरळ तुकडा ठेव, तुझ्या बाबतीत ३० सेंमी.

दुसरी जागा, वळणातला रुळांचा जोड. मागच्या वळणाच्या फोटोत तिथे कोपरा पडलेला स्पष्ट दिसतो. लवचीक रुळाची टोकं नेहमी सरळ व्हायला बघतात, म्हणून वळणात जोडलेले दोन तुकडे जोडापाशीच बाहेर ताणतात. उपाय असा: दोन्ही तुकडे टेबलावर सरळ असताना जोड, दोन्ही रुळांच्या जोडपट्ट्यांना सोल्डर कर, आणि मग ते एकसंध वाकव. वाकवताना सरकता रूळ वळणाच्या आतल्या बाजूला ठेव. ९० अंशांच्या वळणात आतला रूळ बाहेरच्यापेक्षा सुमारे २६ मिमी पुढे येतो, त्रिज्या कोणतीही असो. तेवढा कापून टाक आणि टोक बारीक कानशीने गुळगुळीत कर. वरची आतली कड किंचित घासायला विसरू नकोस, तिथेच चाकाची कड अडकते.

सोल्डर करताना रोझिनचंच फ्लक्स घे. आम्लाचं घेतलंस तर काही महिन्यांत जोड हिरवा पडेल. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्वच्छ आणि पूर्ण तापलेलं हवं, म्हणजे काम दोन-तीन सेकंदांत होतं. कमी तापलेलं आयर्न जास्त वेळ धरावं लागतं आणि तेवढ्यात प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळावर धातूचा चिमटा लाव, उष्णता तो पिऊन घेईल. सरळ भागातले जोड मात्र सोल्डर करू नकोस. १० मीटर रूळ २० अंशांच्या फरकाने तीनेक मिलिमीटर वाढतो, आणि लाकडी सांगाडा दमट-कोरड्या हवेत त्याहून जास्त हलतो. दर मीटर-दोन मीटरला अर्धा मिलिमीटर फट ठेवली नाही, तर एखाद्या कोरड्या दिवसानंतर रूळ सापासारखा वाकलेला सापडतो.

तिसरी जागा पुलाची. इथे मुळातच हिशोब चुकतो आहे. खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या पोटापर्यंत ७६ मिमी मोकळी उंची हवी. त्यावर ६ मिमी प्लाय, ५ मिमी कॉर्क आणि स्लीपरसह रूळ ५ मिमी. म्हणजे रुळापासून रुळापर्यंत ९२ मिमी. तुझ्याकडे चढायला ३ मीटर आहेत, म्हणजे चढ ३ टक्क्यांच्या वर जातो. त्यातला काही भाग वळणात आहे आणि वळणात चाकांचं घर्षण वाढतं. तुझं इंजिन तिथे चार डब्यांतच चाकं फिरवत उभं राहील. २ टक्के चढ ठेवायचा तर ४.६ मीटर हवेत. तेवढी जागा नाही, पण अंतर वाटून घेता येतं: वरची लाइन ४६ मिमी चढव आणि खालची ४६ मिमी उतरव. मग प्रत्येकीला २.३ मीटरच पुरतात. त्यासाठी प्लाय रुळाच्या दोन्ही बाजूंनी जिगसॉने कापून पट्टी मोकळी कर आणि खाली दर ४० सेंमीला ठोकळे बसव. चढाच्या सुरुवातीला पहिला ठोकळा निदान ३० सेंमी पुढे ठेव. प्लाय आपणहून सावकाश वाकतो आणि उभा कोपरा पडत नाही. असा कोपरा राहिला तर इंजिनाची पुढची चाकं अधांतरी राहतात आणि कपलर एकमेकांतून वर निसटतात. तपासायला पाणसळ रुळावर आडवीही ठेवून बघ. लांबीचा चढ सगळे मोजतात, दोन रुळांमधला तिरकेपणा पाहायचा राहून जातो.

आता वायरिंग. तू डिजिटल कंट्रोल घेतलास ते चांगलं केलंस, पण त्यात रुळावर कायम १४-१५ व्होल्ट असतात आणि तुझा बूस्टर, म्हणजे रुळाला वीज पुरवणारी पेटी, ५ अँपिअरचा आहे. फळीखालून २.५ चौरस मिमीच्या दोन वायरी सगळीकडे ने, एक लाल, एक काळी. तिथून प्रत्येक रुळाच्या तुकड्याला ०.५ चौरस मिमीची छोटी वायर वर आण, ३० सेंमीपेक्षा लांब नको. "प्रत्येक तुकड्याला" हे मनापासून म्हणतो आहे. जोडपट्टी आज वीज नेते, पण रंग, गोंद आणि गंज लागला की उद्या नेत नाही.

काम झालं की नाण्याची परीक्षा घे. एक नाणं दर मीटरला दोन्ही रुळांवर आडवं टेकव; प्रत्येक ठिकाणी बूस्टर ताबडतोब बंद पडला पाहिजे. एखाद्या जागी पडला नाही, तर तिथवरच्या वायरीत विजेला होणारा रोध जास्त आहे. अशा जागी डबा घसरून शॉर्ट झाला की ४ अँपिअर वाहत राहतील, १५ व्होल्टला ६० वॅट होतात, आणि त्या उष्णतेचा काही भाग एखाद्या बोगीत किंवा सांध्यात, म्हणजे गाडी एका लाइनवरून दुसरीवर वळते तिथे, उतरेल. प्लास्टिक वितळतं. ही परीक्षा मी कोणालाच सोडू देणार नाही.

तुझं टोकाचं वळण फिरून स्वतःच्याच लाइनला येऊन मिळतं, म्हणजे तिथे उजवा रूळ डाव्याला भेटतो आणि शॉर्ट होणारच. त्या वळणातला एक भाग दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून वेगळा कर आणि त्याला ध्रुवता, म्हणजे विजेची धन-ऋण बाजू, आपोआप उलटवणारं मॉड्यूल लाव. वेगळा केलेला भाग सर्वात लांब गाडीपेक्षा मोठा हवा, नाहीतर धातूची चाकं दोन्ही टोकांच्या फटी एकाच वेळी जोडतात. तुझी गाडी २.२ मीटर आहे, तेव्हा २.५ मीटर ठेव. सांध्यांतल्या फ्रॉगलाही वीज दे, म्हणजे जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या धातूच्या तुकड्याला. सांधा बदलणाऱ्या मोटरच्या जोडीला एक छोटा स्विच लावला की काम होतं. वीज नसलेल्या फ्रॉगवर तुझं शंटिंगचं छोटं इंजिन सावकाश जाताना हमखास थांबेल.

डब्यांकडेही बघ. चाकांच्या जोडीतलं आतलं अंतर सुमारे १४.४ मिमी हवं. ते मोजायचं गेज मिळतं, त्यानेच रुळांचं १६.५ मिमी अंतर आणि सांध्याच्या फटीही तपासता येतात. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून ९.९ मिमीवर. वजन २८ ग्रॅम अधिक दर २५ मिमी लांबीला १४ ग्रॅम. १५ सेंमीच्या डब्याला ११२ ग्रॅम होतात. कमी असेल तर वजन आत तळाशी चिकटव, छताला नाही. एका बोगीचा स्क्रू इतका आवळ की ती फक्त वळेल, दुसरीचा थोडा सैल ठेव म्हणजे ती कडेलाही डुलेल. दोन्ही आवळले तर जरा उंचसखल रुळावर एक चाक हवेत राहतं.

एवढं झालं की निदान दोन आठवडे नुसत्या गाड्या पळव. सर्वात लांब डबे पुढे आणि इंजिन मागे, असं ढकलत प्रत्येक सांध्यातून दोन्ही दिशांनी, आधी अगदी सावकाश आणि मग पूर्ण वेगाने. जिथे घसरेल तिथे कागदाचा तुकडा चिकटव आणि डब्याचा नंबर लिही. एकाच जागी वेगवेगळे डबे घसरले तर दोष रुळात. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरला तर दोष त्याच्या चाकांत. वेगाचा अंदाज हवा असेल तर खऱ्या ताशी ६० किमीला मॉडेलने एक मीटर साधारण सव्वापाच सेकंदांत कापायला हवा. बहुतेक जण याच्या दुप्पट वेगाने पळवतात.

कागद चिकटायचे थांबले की मग खडी. आधी रुळांच्या कडांना गंजासारखा तपकिरी रंग दे आणि माथा लगेच पुसून घे. सांध्याच्या पात्यांची, म्हणजे हलणाऱ्या रुळांची, आतली बाजू झाकून ठेव, रंग तिथे वीज अडवतो. खडीवरून चुंबक फिरव. कण चिकटले तर ती वापरू नकोस, इंजिनाची मोटर ते ओढून घेते. कोरडी खडी मऊ ब्रशने स्लीपरच्या माथ्याखाली राहील अशी पसर. रुळाच्या आतल्या बाजूला चिकटलेला एक दाणासुद्धा चाकाची कड उचलतो. मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बारीक फवारा, खडी पूर्ण भिजेपर्यंत. न भिजलेल्या खडीवर गोंदाचे थेंब गोळे होऊन बसतात आणि दाणे उचलतात. नंतर एक भाग पांढरा गोंद, चार भाग पाणी, भांडी धुण्याच्या साबणाचे दोन थेंब. ड्रॉपरने रुळांच्या मधोमध सोड, कडेला दुधाळ पाणी दिसेपर्यंत. २४ तास हात लावू नकोस. अपवाद फक्त सांध्यांचा: तिथे खडी अगदी कमी टाक, पात्यांच्या बिजागरीला तेलाचा एक थेंब दे आणि वाळेपर्यंत अधूनमधून पाती हलवत राहा. माथा शेवटी अल्कोहोलने पूस. सँडपेपर कधीच नाही, ओरखड्यांत काजळी धरते.

पुढचे फोटो वरून काढू नकोस. कॅमेरा रुळाच्या उंचीला टेकवून लांबवर बघत काढ, त्यात कोपरे आणि हेलकावे लगेच दिसतात. पुलाच्या दोन्ही टोकांना पट्टी उभी धरून एकेक, आणि ढकलगाडीचा एक व्हिडिओ स्टेशनच्या तोंडाशी. कागद जिथे चिकटवलेस त्या जागा आराखड्यावर लाल पेनने दाखव.

दादा-वहिनींना नमस्कार सांग. कागद मोजायला दादाला बरोबर घे, त्याचा हात आकड्यांवर चांगला आहे.

तुझा,
काका