संकेतस्थळाचे वजन निविदेतच ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दाखले, शिष्यवृत्त्या, महाविद्यालयीन प्रवेश आणि शेतकऱ्यांच्या बहुतेक योजना यांचे अर्ज आता संकेतस्थळांवरूनच भरावे लागतात, आणि ज्यांच्या घरी संगणक नाही ते हे अर्ज पाच-सहा इंचांच्या मोबाइलवर, मिळेल त्या रेंजमध्ये भरू पाहतात. पान उघडले नाही की ‘सर्व्हर डाउन असेल’ असे म्हणून आपण तो विषय सोडून देतो. संकेतस्थळे तयार करण्याच्या व्यवसायात असल्यामुळे मला खात्रीने सांगावेसे वाटते, की पुष्कळदा सर्व्हर व्यवस्थित सुरू असतो. पानच इतके जड बांधलेले असते, की ते मंद जोडणीवरून फोनपर्यंत पोहोचत नाही.

याचा हिशेब साधा आहे. जानेवारी २०२३ पासून दूरसंचार विभागाच्या व्याख्येनुसार ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी सेकंदाला किमान २ मेगाबिट वेग लागतो. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून चार मेगाबाइटचे पान म्हणजे ३२ मेगाबिट. ते हा वेग अखंड मिळाला तरी १६ सेकंद घेते. डोंगराआडच्या गावात किंवा गर्दीच्या एसटी स्थानकावर वेग २५६ किलोबिटपर्यंत घसरला, तर त्याच पानाला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि मध्येच जोडणी तुटली तर बहुधा सारे पुन्हा पहिल्यापासून. तीच माहिती २०० किलोबाइटमध्ये बसवली तर या घसरलेल्या वेगालाही ती सहा-सात सेकंदांत समोर येते.

हे वजन मजकुराचे नसते. युनिकोडमधील देवनागरीचे एक चिन्ह सामान्यतः तीन बाइट घेते, म्हणून चार हजार चिन्हांचा भरगच्च मराठी मजकूरही १२ किलोबाइटच्या आसपास राहतो आणि पाठवताना संक्षेपित केला तर त्याहूनही कमी होतो. वजन असते ते मुखपृष्ठावरच्या सरकत्या छायाचित्रांचे, उद्घाटनाच्या चित्रफितीचे आणि कधीच न वापरल्या जाणाऱ्या तयार जावास्क्रिप्ट संचांचे, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलींचे. बहुतेक स्मार्टफोनमध्ये देवनागरी फॉन्ट आधीपासूनच असतो. तरीही संकेतस्थळ स्वतःचा फॉन्ट तीन-चार जाडींमध्ये उतरवून घेते आणि तो येईपर्यंत वाचकाला कोरी जागा पाहावी लागते. हे टाळण्याची सूचना ब्राउझरला एका ओळीत देता येते, पण ती क्वचितच दिलेली आढळते.

पान उघडल्यावर खरी परीक्षा अर्जाची असते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त माणसे इथेच अडतात. चाळीस रकाने एकाच पानावर, तेही दोन-तीन स्तंभांत मांडलेले. त्यामुळे अक्षरे वाचण्यासाठी पान मोठे करावे, तर ‘पुढे’चे बटण पडद्याबाहेर जाते. पिनकोड किंवा मोबाइल क्रमांकाच्या रकान्यात फक्त अंकांचा कळफलक उघडावा, एवढी साधी सोयही अनेकदा नसते. १९६८ची जन्मतारीख निवडण्यासाठी दिनदर्शिका एकेक महिना मागे सरकवत न्यावी लागते. छायाचित्र ५० किलोबाइटच्या आत हवे अशी अट असते, आणि फोनचा कॅमेरा मात्र तीन-चार मेगाबाइटचे चित्र काढतो. मग ते लहान कसे करायचे हे ठाऊक नसलेला अर्जदार केवळ तेवढ्यासाठी सेवा केंद्र गाठतो. वास्तविक ब्राउझरच ते चित्र फोनमध्ये लहान करून मग पाठवू शकतो. मोबाइलवरून माहिती चढवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगापेक्षा सहसा कमी असतो, हे लक्षात घेता ही सोय प्रत्येक अर्जात असायलाच हवी. आणि ओटीपी उशिरा आला, तेवढ्यात सत्राची (लॉगिन चालू राहण्याची) वेळ संपली आणि भरलेले सगळे पुसले गेले, तर त्याला अर्जदाराचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. भरलेला प्रत्येक टप्पा आपोआप जतन होणे ही मूलभूत गरज आहे.

अशा वेळी ज्याचा फोन कामाला येत नाही, तो तालुक्याला जातो, दिवसाची मजुरी गमावतो आणि जे काम घरी व्हायला हवे होते त्यासाठी पैसे मोजतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने सेवांना कालमर्यादा घालून दिली, पण ती मोजली जाते अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज दाखलच होत नाही म्हणून वाया गेलेले दिवस कुठल्याच नोंदवहीत येत नाहीत.

नोंद न होणारी माणसे किती असू शकतात, याचे एक उदाहरण यूट्यूबमधील आहे. तेथील अभियंते ख्रिस झकारायस यांनी चित्रफितीचे सुमारे १.२ मेगाबाइटचे पान १०० किलोबाइटच्या आत आणले, आणि पान उघडण्याचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. कारण शोधता कळले, की जोडणी अतिशय मंद असल्यामुळे जे देश आकडेवारीत जवळपास नव्हतेच, तेथील लोक आता पान उघडू शकत होते. त्यांना दोन मिनिटे थांबावे लागत होते, पण जुने पान त्यांना वीस मिनिटांतही मिळत नव्हते. आपल्या अधिकाऱ्यांनी आपापल्या संकेतस्थळांचे ‘समाधानकारक’ अहवाल वाचताना हे अवश्य ध्यानात ठेवावे.

५जी आल्यावर हा प्रश्न सुटेल, असे मला अनेकदा ऐकवले जाते. ही सेवा देशात ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिला नवा फोन लागतो, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर जड जावास्क्रिप्ट चालवताना वेगवान जोडणीवरही अडखळतो. स्वतंत्र ॲप काढणे हाही उपाय नव्हे, कारण भरलेल्या फोनमध्ये त्याला जागा कुठून आणायची?

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्तीही निघाली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टिहीनांच्या आणि ॲसिडहल्ल्यात जखमी झालेल्यांच्या ई-केवायसीच्या (ऑनलाइन ओळख पडताळणीच्या) प्रकरणात, डिजिटल सेवा मिळणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तत्त्वे आहेत, निकाल आहे. उणीव आहे ती कंत्राटात मोजता येईल अशा अटीची. म्हणून माझी मागणी अशी, की संकेतस्थळाच्या प्रत्येक निविदेत पानाच्या वजनाची कमाल मर्यादा आकड्यात लिहावी. पहिल्या पानासाठी मी २०० किलोबाइट सुचवतो. देयक मंजूर करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने साध्या किमतीच्या फोनवर, मंद जोडणीवर, पूर्ण अर्ज स्वतः भरून पाहावा. जोडणी मुद्दाम मंद करून पाहण्याची सोय संगणकावरच्या क्रोम ब्राउझरमध्ये फुकट आहे, त्यामुळे यासाठी वेगळ्या तरतुदीची गरज नाही.

शासन निर्णय पीडीएफसोबतच साध्या मजकुराच्या पानावरही द्यावेत, कारण ए-४ आकाराचा कागद मोबाइलवर डावी-उजवीकडे ओढत वाचणे त्रासाचे आहे. ज्या अर्जांना शेवटची तारीख असते त्यांच्यापासून, म्हणजे प्रवेश, शिष्यवृत्ती आणि पीक विमा यांच्यापासून, ही तपासणी पुढील हंगामाआधी सुरू करावी. जी पाने मर्यादेत बसणार नाहीत, त्यांच्या अर्जांची मुदत ती दुरुस्त होईपर्यंत वाढवून द्यावी, अशी शासनाला विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, नाशिक