गुळाचा भाव रंगावर ठरवू नका

मा. संपादक,

निपाणी-संकेश्वर भागातला गूळ सौद्यात पिवळा दिसला की भाव चढतो, तांबूस दिसला की पडतो. गुऱ्हाळावर हायड्रोस पोचते ते यामुळेच. सोडियम हायड्रोसल्फाईटची ही पांढरी पूड काहिलीत पडली की रंग लगेच उजळतो, पण गुळात गंधकाचा अंश राहतो आणि काही आठवड्यांत ढेप पुन्हा काळवंडते. तोवर माल गिऱ्हाईकाच्या घरी गेलेला असतो.

रंग पुडीशिवायही सुधारतो, कष्ट मात्र पडतात. ऊस पक्का हवा आणि तोडल्यापासून चोवीस तासांत गाळायला हवा. शिळ्या उसातली साखर फुटते, मग गूळ चिकट होतो, ढेप बसत नाही. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारट आणि मऊच निघतो, त्याला पूड काय करणार? रस तापत असताना रानभेंडीचे पाणी सोडावे. मळी वर आली की उकळी फुटण्याआधीच झाऱ्याने काढावी. एकदा उकळी फुटली की ती रसात मिसळते. चुन्याची निवळी बेताचीच, जास्त झाली की गूळ काळा पडतो. साधारण ११८ अंशांवर, पाकाचा थेंब थंड पाण्यात घट्ट गोळी धरू लागला की काहील उतरवावी.

बाजार समित्यांनी सौद्याआधी प्रत्येक गाड्यातला नमुना तपासावा आणि बिनपुडीच्या गुळाचा सौदा वेगळा काढावा. हंगामाच्या तोंडावरच ही सोय व्हायला हवी.

— एक गूळ उत्पादक, निपाणी