यंत्राचे मुखत्यारपत्र बँकेच्या दप्तरी हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वतीने परस्पर खरेदी करणाऱ्या आणि बिले भरणाऱ्या संगणकीय मदतनीसांविषयी, ज्यांना ‘एआय एजंट’ म्हटले जाते त्यांच्याविषयी, सध्या बरेच छापून येत आहे. मी सांगलीतील एका बँकेत आधी बचत खात्यांच्या खिडकीवर आणि नंतर शाखा सांभाळत तीस वर्षे काढली. त्यामुळे या बातम्या वाचताना मला एकाच प्रश्नाने अस्वस्थ केले आहे. खात्यातून पैसे काढण्याचा अधिकार त्या यंत्राला कोणी, किती रकमेपर्यंत आणि किती दिवसांसाठी दिला, हे बँकेच्या दप्तरात कोठे लिहिलेले असणार?

हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने रेझरपे ही ऑनलाइन देयके हाताळणारी कंपनी आणि चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय यांच्यासह, चॅटजीपीटीशी बोलता बोलताच यूपीआयने पैसे देता यावेत असा प्रायोगिक उपक्रम जाहीर केला आणि बिगबास्केटसारखी किराण्याची सेवा त्यात सुरुवातीलाच घेतली. त्यामागची व्यवस्था शेअरच्या प्राथमिक विक्रीत अर्ज करणाऱ्यांना ओळखीची वाटेल. तेथे अर्जाची रक्कम आपल्याच खात्यात अडकवून ठेवली जाते आणि शेअर मिळाले तरच वजा होते. येथेही खातेदार एकदा पिन घालून ठरावीक रक्कम एका व्यापाऱ्यासाठी राखून ठेवतो आणि त्या मर्यादेत पुन्हा पिन न विचारता एकामागून एक वजावटी होऊ शकतात. पैसे शेवटपर्यंत खातेदाराच्या खात्यात राहतात, ही यातील मला सर्वांत योग्य वाटलेली बाब आहे. गुगलने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत ग्राहकाने काय मागितले आणि कोणत्या मालाला संमती दिली, याची डिजिटल स्वाक्षरी केलेली अधिकारपत्रे व्यवहारासोबत जातात. तीही दिशा चांगली आहे. याउलट कॉइनबेस या आभासी चलनाच्या कंपनीने मे २०२५ मध्ये आणलेल्या पद्धतीत यंत्र डिजिटल पाकिटातून दुसऱ्या यंत्राला परस्पर पैसे चुकते करू शकते. हा प्रकार आपल्या बँकांत येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याची केवायसी होत नाही, ज्याच्या पत्त्यावर नोटीस लागत नाही आणि ज्याला न्यायालयात उभे करता येत नाही, अशा यंत्राच्या नावाने खाते उघडण्याला अर्थ नाही.

दुसऱ्याकरवी खरेदी करणे सांगलीला नवे नाही. माझे थोरले बंधू मार्केट यार्डात हळदीचे व्यापारी होते. सौद्याला स्वतः जाता आले नाही तर ते दिवाणजींना पाठवीत आणि पाठवण्यापूर्वी गादीवर बसून त्यांच्या वहीच्या कोपऱ्यात लिहून देत: राजापुरी हळद, साठ पोती, अमुक भावाच्या वर जायचे नाही, फक्त आजच्यापुरते. दुपारी दिवाणजी परतले की वजन, भाव, हमाली, तोलाई हे सारे त्या कोपऱ्यातल्या अक्षरांशी ताडून पाहिल्याशिवाय बंधू जेवायला उठत नसत. एकदा दिवाणजींनी चौसष्ट पोती घेतली, कारण एका शेतकऱ्याचे वक्कल, म्हणजे त्याच्या मालाचा एकत्र गट, फोडता येत नव्हते. बंधू त्यांच्यावर बरेच रागावले, पण शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, चौसष्ट पोत्यांचीच केली. माणूस आपण पाठवला होता, शेतकऱ्याने आपल्या वहीतला आकडा कसा ओळखावा, असे ते म्हणाले.

बंधूंनी कायद्याचे पुस्तक कधी उघडले नव्हते, तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम २३७ जवळजवळ हेच सांगते. आपल्या वागण्यावरून समोरच्याला आपल्या माणसाचा अधिकार खरा वाटला असेल, तर त्या माणसाने मर्यादा ओलांडली तरी धनी बांधला जातो. त्याच कायद्यात, मागताक्षणी हिशेब देणे हे मुखत्याराचे कर्तव्य कलम २१३ मध्ये नोंदलेले आहे. मात्र हे सारे माणसांसाठी लिहिलेले आहे. यंत्र कायद्याच्या अर्थाने व्यक्तीच नसल्यामुळे ते धन्याला जबाबदार धरता येईल असा मुखत्यार होऊ शकत नाही. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चे कलम ११ असे मानते की, एखाद्याने किंवा त्याच्या वतीने कोणी आपोआप चालण्यासाठी बसवलेल्या यंत्रणेने पाठवलेला संदेश हा त्या व्यक्तीनेच पाठवलेला समजावा. दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचले तर यंत्राच्या चुकीचा भार ग्राहकावर येण्याची शक्यता मोठी आहे आणि तो भार पुढे ढकलायला त्याच्या हाताखाली दिवाणजी नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाला मोठा आधार दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच निर्देश आले, तेव्हा मी शाखेतच होतो. त्यातील तत्त्व असे की, दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची खबर तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर ग्राहकाला तोशीस लागू नये, आणि ग्राहकाची चूक सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची असावी. मात्र ग्राहकाने स्वतःची गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर खबर देईपर्यंतचे नुकसान त्याचेच. आता बँकेनेच मान्य केलेल्या मार्गाने ग्राहकाने यंत्राला पाच हजारांची मुभा दिली आणि त्या यंत्राने भलत्याच विक्रेत्याकडून भलतीच वस्तू घेतली, तर हा व्यवहार अनधिकृत म्हणायचा की ग्राहकाचा निष्काळजीपणा? ही भीती निराधार नाही. विक्रेत्याच्या पानावर माणसाच्या डोळ्यांना न दिसणारी सूचना लिहून ठेवायची आणि पान वाचणाऱ्या यंत्राने ती मालकाचाच हुकूम समजावी, असा डाव टाकता येतो आणि त्यावर पक्का इलाज अद्याप सापडलेला नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या ओळख पडताळणीच्या निर्देशांत, नियम न पाळता झालेल्या व्यवहाराची पूर्ण भरपाई बँकेने द्यावी, असे म्हटले आहे. पण येथे तर सगळे नियम पाळलेले असतील, पिन खरा असेल, रक्कम मर्यादेत असेल आणि तरीही खरेदी ग्राहकाने सांगितलेली नसेल.

आता घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. बंधू वारले, तेव्हा त्यांचे आणि वहिनींचे एकत्र खाते होते. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी मृत्यूचा दाखला बँकेत दिला. बंधूंचे नाव खात्यावरून कमी झाले, पण त्या नावाने दिलेली संमती तशीच चालू राहिली. बाजारभाव कळवणाऱ्या एका सेवेचे ४९९ रुपये दरमहा वजा होत होते. वजावटीपूर्वी किमान चोवीस तास सूचना देण्याचा नियम आहे आणि ती सूचना येतही असणार, पण ती ज्या फोनवर जायची तो कपाटात कपड्यांखाली बंद पडलेला होता. पाच महिन्यांनी पासबुक छापून आणले तेव्हा वहिनींना कळले. बँक म्हणाली, कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, नोंदवलेल्या फोनवर आलेला ओटीपी सांगा. अडीच हजार रुपये ही रक्कम मोठी नाही, पण आपल्या माणसाच्या नावाने अजून व्यवहार होत आहे, हे पासबुकात वाचताना वहिनी खिडकीसमोर किती वेळ उभ्या राहिल्या, ते मी पाहिले आहे.

करार कायद्याच्या कलम २०१ नुसार धनी वारला की मुखत्याराचा अधिकार संपतो. माणसाला ती बातमी पोहोचते. दिवाणजी तर बंधूंच्या खांद्याला खांदा देऊन होते. यंत्राला मात्र कोणी कळवल्याखेरीज काहीच कळणार नाही आणि ते ठरल्या दिवशी ठरला माल मागवत राहील. स्वयंचलित वजावटीत निदान रक्कम आणि घेणारा ठरलेला असतो. येथे काय घ्यायचे आणि कोठून घ्यायचे, हेही यंत्रच ठरवणार आहे.

म्हणून रिझर्व्ह बँकेने आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने यंत्राला दिलेला प्रत्येक अधिकार हा मुखत्यारपत्र समजावा आणि त्याची नोंद ॲपच्या पोटात न ठेवता खात्याच्या दप्तरात ठेवावी. याला घरचाच दाखला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या यूपीआय सर्कलमध्ये आपण आपल्या खात्यातून दुसऱ्याला खर्च करू देतो, तेव्हा पूर्ण मुभेला एका व्यवहारासाठी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांची मर्यादा घातलेली होती. तशीच सक्तीची कमाल मर्यादा यंत्रांना असावी, मुदत संपताच अधिकार आपोआप रद्द व्हावा, आणि मान्य मार्गाने मुभा देणे हा ग्राहकाचा निष्काळजीपणा नाही, असे एक वाक्य जबाबदारीच्या नियमांत घालावे. खरेदीचा तपशील मागताच मराठीत मिळावा, कारण तासगावच्या बेदाणा उत्पादकाला किंवा मिरजेच्या पेन्शनरला न वाचता येणारा हिशेब हा हिशेब नव्हे. आपल्या जिल्ह्यातील नागरी सहकारी बँकांनी आणि जिल्हा बँकेने मोठ्या बँकांची वाट न पाहता पासबुकाचे एक पान यासाठी आजच राखायला हरकत नाही: कोणाला मुभा दिली, किती, कधीपर्यंत.

१ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते आणि त्यासाठी बँका खातेदारांकडून नवे अर्ज भरून घेत आहेत. त्याच वेळी खातेदाराला चालू असलेल्या सर्व मुभांची छापील यादी द्यावी, आणि मृत्यूचा दाखला खिडकीवर स्वीकारला जाईल त्याच क्षणी, कोणत्याही कंपनीला न विचारता आणि कोणताही ओटीपी न मागता, मृताने दिलेली प्रत्येक मुभा बँकेनेच बंद करावी.

आपला,
एक निवृत्त शाखा व्यवस्थापक, सांगली