बंबाचं मृत्युपत्र झालं, शेवटच्या आजारपणाचं राहिलं

महोदय,

आमच्या ह्यांना अकरा दिवस व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. रोज सकाळी डॉक्टर विचारत, 'पुढं काय करायचं?' थोरला म्हणे सुरू ठेवा, धाकटी म्हणे बाबांचे हाल नकोत. आजही बहीणभाऊ जेमतेम बोलतात. शेताच्या बांधापासून पितळी बंबापर्यंत सगळं ह्यांनी मृत्युपत्रात घातलं होतं. याबद्दल एक ओळ नव्हती.

म्हणून मी माझं वैद्यकीय इच्छापत्र केलं, म्हणजे शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा, तेही लिहिता येतं. मी धाकटीचं नाव घातलं. थोरला रुसला, आत्ताच रुसलेला बरा.

याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. आमच्या नगरपालिकेत तीन टेबलं फिरले. शेवटी एकाने विचारलं, 'आजी, घरपट्टीचं आहे का?' त्या अधिकाऱ्याचं नाव दर्शनी फलकावर लावावं, एवढीच विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा जिल्हा