अकरा महिन्यांचे खूळ आणि कुलूपबंद फ्लॅट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिले होते, की त्यांचा नागपुरातल्या मनीषनगरातला फ्लॅट सहा वर्षांपासून कुलूपबंद आहे आणि तसाच राहील, कारण ‘भाडेकरू एकदा घुसला की निघत नाही’. पत्र वाचून माझ्या ओळखीच्या चार जणांनी माना डोलावल्या. मला मात्र राहवले नाही. सहा वर्षे बंद फ्लॅटचा मेंटेनन्स भरायचा, मालमत्ता कर भरायचा, दर पावसाळ्यात वाळवीसाठी माणूस बोलवायचा, आणि वर म्हणायचे की नुकसान टळले!

मी एसटीच्या हिंगणा येथील वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. गोपाळनगरात प्लॉट होता. त्यावर खाली आम्ही दोघे राहतो, वरच्या मजल्यावर वन बीएचकेचे दोन ब्लॉक आहेत. फंडाचा पैसा आला तेव्हा मानेवाड्याला एक जुना फ्लॅट घेतला. म्हणजे तीन किरायेदार. (आमच्याकडे किरायाच म्हणतात, भाडे हा शब्द कागदावर येतो.) बिल्डर नाही, दलाल नाही, नळाचा वायसर मीच बदलतो.

त्या गृहस्थांची भीती कुठून आली ते मला माहीत आहे, कारण माझ्याही घरात ती होती. माझ्या मामांचा शहराच्या महाल भागात वाडा होता. पुढच्या दोन खोल्यांत पस्तीस रुपये महिन्याने एक कुटुंब राहायचे. त्या काळी नागपुरात मुंबईचा भाडे कायदा नव्हता, इथे ‘सी. पी. अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९’ चालायची. तिच्यात मालकाला खोली खाली करा म्हणून नोटीस द्यायची, तर आधी रेंट कंट्रोलरची परवानगी आणावी लागे. ती मिळाली, वर अपील झाले, ते सुटले, की मग दिवाणी कोर्टात दावा. मामा पहिल्या पायरीवरच थकले. ‘घर द्यावं, पण किरायाने नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आहे. अशी गोष्ट नागपुरातल्या प्रत्येक जुन्या घरात एक तरी असते आणि लोक तिच्यावरच आजचे निर्णय घेतात.

पण तो आदेश जाऊन पाव शतक झाले. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सने (म्हणजे ठरावीक मुदतीसाठी नुसते वापरायला) दिलेल्या राहत्या घरासाठी त्यात कलम २४ आहे. मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करायचा, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. तिथे लेखी करार हाच पक्का पुरावा मानतात. वेळ लागत नाही असे मी म्हणत नाही. पण मामांच्या वाड्याची गोष्ट ही नव्हे.

अट एकच आहे, आणि घोडे तिथेच अडते. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा. कलम ५५ सांगते की नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे, करार नोंदवलेला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल किरायेदार जे म्हणेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. २०१२ साली वरच्या ब्लॉकमध्ये इतवारीतल्या एका दुकानात काम करणारा माणूस राहायचा. बायको, पाचवीतला पोरगा. किराया चार हजार, डिपॉझिट दहा हजार. करार केला होता: शंभराचा स्टॅम्प, कोर्टाजवळच्या टपरीवर टाइप केलेला, नोटरीचा लाल शिक्का. अकरा महिने. मला वाटले, झाले काम. दिवाळीनंतर त्याचे दुकान सुटले आणि किराया थांबला. दर महिन्याला, ‘काका, पुढच्या महिन्यात एकदमच देतो जी.’ पाच महिने गेले. मे महिना होता, पारा पंचेचाळीसच्या वर. माझे डोके फिरले आणि मी वरच्या ब्लॉकच्या विजेचा कटआऊट (फ्यूज) काढून खिशात घातला.

माझ्या बायकोने एक शब्द न बोलता आमच्या खिडकीतून वर एक्स्टेन्शनची वायर टाकली आणि त्यांचा कुलर आमच्या मीटरवर चालू केला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कटआऊट परत लावला.

मग वकिलाकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘भाऊ, या प्रकरणात गुन्हेगार तुम्ही आहात.’ वीज-पाणी तोडणे हा त्याच भाडे कायद्याने गुन्हा, कलम २९. करार नोंदवलेला नाही, म्हणून कलम ५५. आणि त्या माणसाने पोलिसांत सांगितले होते की डिपॉझिट चाळीस हजार दिले होते! खोटे होते. पण माझ्याकडे पावती कुठे होती? नोटरीच्या कागदावर डिपॉझिटचा रकाना टाइप करणाऱ्याने कोराच सोडला होता आणि मी न वाचता सही केली होती. शेवटी पाच महिन्यांचा किराया सोडला, वर सामानाच्या टेम्पोला पाच हजार दिले, आणि तो गेला. जाताना पोराने हात हलवला, तो मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. तो माणूस लबाड होता असे मी तेव्हा सांगत फिरलो. आज वाटते, तो घाबरलेला होता, आणि मी त्याला आणखी घाबरवले.

आता अकरा महिन्यांबद्दल. हे खूळ आले नोंदणी कायद्यातून. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोकांनी अकरा महिने शोधून काढले. पण महाराष्ट्रात कलम ५५ आल्यापासून अकरा महिने असो की एक महिना, नोंदणी करावीच लागते. मग अकराचा फायदा काय? काही नाही. तोटा मात्र आहे. माझाच हिशेब देतो. किराया साडेआठ हजार, डिपॉझिट सतरा हजार. मुद्रांक शुल्क म्हणजे मुदतीचा एकूण किराया अधिक परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून येणाऱ्या रकमेचे पाव टक्का. अकरा महिन्यांचे साधारण २४० रुपये होतात. छत्तीस महिन्यांचे, किराया तोच धरला तर, ७८० च्या आत. आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, मग करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. म्हणजे तीन वर्षांत तीन-चारदा हजार भरायचे की एकदाच? वर एजंटची फी, अंगठ्याचे मशीन घेऊन तो घरी येतो तेव्हाची, तीही दरवेळी. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टॅम्पवर चालणारी ही कामे पाचशेच्या स्टॅम्पवर गेली, त्यामुळे नोटरीचा तो निरुपयोगी कागदही आता स्वस्त राहिला नाही.

मी आता छत्तीस महिन्यांचा करार करतो. दरवर्षी किती वाढ ते त्यातच लिहितो, आणि कोणी कधी सोडायचे असेल तर एक महिन्याची नोटीस. डिपॉझिट दोनच महिन्यांचे, चेकने किंवा यूपीआयने. पोलीस आयुक्तांचा आदेश असतो त्याप्रमाणे किरायेदाराची माहिती ठाण्यात देतो.

वर्कशॉपमध्ये प्रत्येक गाडीचे जॉब कार्ड असायचे. तारीख, बिघाड, कोणता पार्ट, कोणी बसवला. तशी तिन्ही घरांची मी वही ठेवली आहे. त्यातून कळते की नागपुरात घराचा खरा शत्रू किरायेदार नाही, कुलर आहे. एप्रिलमध्ये प्रत्येक जण खिडकीत कुलर ठोकतो, टाकी गळते, पाणी सज्जावरून भिंतीत मुरते, आणि दिवाळीपर्यंत आतल्या बाजूने पोपडे सुटतात. तीन वर्षे भिंतीवरून भांडणे केली. मग अँगलचे स्टँड स्वतः वेल्डिंग करून खिडकीबाहेर वीतभर अंतरावर बसवले, खाली पत्र्याचा ट्रे आणि त्याला पाइप. खर्च दोन्ही ब्लॉकचा मिळून सहा हजार. तेव्हापासून भिंतीवरून तंटा नाही.

विजेचेही तसेच. माझ्या गल्लीत बरेच जण सबमीटर लावून किरायेदाराकडून युनिटला एकच चढा दर घेतात. घरगुती विजेचे टप्पे असतात: शंभर युनिटपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत त्याहून जास्त, पुढे आणखी जास्त. दोन कुटुंबे एका मीटरवर आली की बेरीज वरच्या टप्प्यात जाते आणि स्वतः ऐंशी युनिट जाळणारी पोरगी दुसऱ्याच्या एसीचा दर भरते. मी दोन्ही ब्लॉकला वेगळे मीटर घेतले. बिल त्यांचे, भरणार ते. महिन्याकाठी होणारी कटकट संपली.

पैशाचे खरे सांगतो, कारण हल्ली पोरे मला विचारतात, ‘काका, एक फ्लॅट घेऊन किरायाने टाकू का?’ मानेवाड्याचा फ्लॅट रजिस्ट्री धरून सत्तावीस लाखांना पडला. किराया अकरा हजार. वर्षात एक महिना रिकामा जातोच. हाती आले १,२१,०००. मेंटेनन्स १४,४००, मालमत्ता कर साडेसहा हजार, दुरुस्ती नऊ हजार. उरले एक्क्याण्णव हजार, म्हणजे साडेतीन टक्केही नाही. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत मी पैसे ठेवले तेव्हा ८.२ टक्के होते. घराची किंमत वाढते म्हणतात, वाढत असेल, पण ती विकल्याशिवाय खिशात येत नाही. आयकरात एक सवलत चांगली आहे: मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या किरायातून तीस टक्के सरसकट सुटतात, बिले दाखवावी लागत नाहीत. पण ती सवलत घ्यायला आधी किराया कागदावर दाखवावा लागतो, आणि इथेच आपल्या लोकांचे अवसान गळते.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करत होतो. किरायाने खोली बघायला आलेल्या माणसाला आपण आधी ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणतो. पूर्ण नाव कशाला हवे असते, ते सांगणाऱ्यालाही कळते आणि विचारणाऱ्यालाही. दीक्षाभूमी ज्या गावात आहे त्या गावात हे रोज चालते. ऐंशीच्या दशकात भंडाऱ्याला बदली झाली तेव्हा मी स्वतः तीन दारांवरून परत आलो आहे. चौथ्या दारी एका म्हातारीने फक्त, ‘दारू पितोस का?’ एवढेच विचारले. मीही आता तेवढेच विचारतो, आणि पगाराची स्लिप बघतो. सध्या एका ब्लॉकमध्ये मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याची) स्टाफ नर्स राहते, नाइट ड्युटीवरून सकाळी येते. दुसऱ्यात एमआयडीसीतला फिटर आणि त्याची आई. ‘फॅमिली ओन्ली’ची पाटी मी काढून टाकली, कारण सगळ्यात वेळेवर किराया त्या एकट्या नर्सताईचाच येतो.

मनीषनगरच्या गृहस्थांना माझी विनंती आहे, एकदा येऊन माझी वही आणि करार पाहून जावेत. गोपाळनगरला मी संध्याकाळी पाचनंतर घरीच असतो. मंगळवारी मात्र नको, त्या दिवशी मी गच्चीवरची टाकी धुतो.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी कर्मचारी
गोपाळनगर, नागपूर