ताबोच्या मातीच्या भिंती

संपादक महोदय,

गेल्या सप्टेंबरात आम्ही उभयता हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात जाऊन आलो. धनकर व की या गावांतील गोंपाही (तिबेटी बौद्ध मठ) पाहिले, पण हे पत्र ताबोच्या विहारासाठी आहे. पश्चिम तिबेटातील गुगे राज्याचा राजा येशे-ओ याने इ.स. ९९६ मध्ये उभारलेल्या या विहाराच्या भिंती कच्च्या विटांच्या असून सपाट छप्परही मातीचेच आहे. मुख्य मंदिरात उजेड बेताचाच. डोळे सरावले की भिंतींवर, माथ्याच्या वर बसवलेल्या, मातीच्या रंगीत मूर्ती एकेक करून दिसू लागतात. एका मूर्तीमागच्या चित्रावरून छतातून झिरपलेल्या पाण्याचा मातकट ओघळ खाली आलेला होता, तो अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

आत छायाचित्रणास मनाई आहे. तरीही आमच्याच गटातील काहींनी भिक्षूंची पाठ वळताच मोबाईल काढले, आणि सोबतच्या सहल व्यवस्थापकाने त्यांना हटकले नाही, याची मला मनापासून लाज वाटली.

ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हणतात. अजिंठा कातळात कोरलेला आहे. ताबो नुसती माती आहे आणि १९७५च्या किन्नौर भूकंपात त्याला तडाखाही बसला होता. त्यामुळे महाराष्ट्रातून तेथे यात्रेकरू नेणाऱ्या संस्थांनी निघण्यापूर्वीच प्रवाशांना हे नियम नीट समजावून सांगावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे